अंगणाचा एक कोपरा पाखरांसाठी

(अभ्यासलेख : कुटुंबात व छोट्या समूहांच्या सभेत वाचण्यासाठी)



वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची आपली घरे आठवून पाहा. समोर सारवलेले अंगण, मागे सांदवाडी, सांदवाडीत लिंबू, कढीपत्ता, एखादी बोर, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेली केळ आणि अळू. कौलांच्या फटीत चिमण्यांची घरटी. आज बऱ्याच घरांभोवती माती दिसतच नाही. समोर पेव्हर ब्लॉक, मागे फरशी, चारी बाजूंनी सिमेंटची भिंत. उरलेल्या पट्टीत शोभेची दोन-चार झाडे आणि बाकी जागेवर तणनाशक. घर स्वच्छ झाले, चिखल गेला, हे चांगलेच झाले. पण मातीबरोबर तिच्यावर जगणारे जीवही निघून गेले, याकडे आपले लक्ष गेले नाही.

या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. घराभोवती जी काही जागा असेल, तिचा एक लहानसा कोपरा इतर जीवांसाठी राखून ठेवावा. तो आपल्यासाठी वापरू नये, खणू नये, फवारू नये. ही केवळ हौस नाही. आपल्या श्रद्धेत या गोष्टीला जुना आधार आहे आणि आपल्या जिल्ह्यात तिची आज गरजही आहे.

पवित्र शास्त्र काय सांगते?

जुन्या करारात शेतकऱ्यासाठी स्पष्ट नियम आहेत. लेवीय पुस्तकात (१९:९-१० आणि २३:२२) सांगितले आहे, की पीक कापताना शेताच्या कडा कापू नयेत, गळालेली कणसे वेचू नयेत. ती गरीब व उपरी माणसांसाठी सोडावीत. हे वचन आपण प्रवचनात अनेकदा ऐकले आहे. पण निर्गम पुस्तकातील (२३:१०-११) नियमाकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. तेथे सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याची आज्ञा आहे. त्या वर्षी जे उगवेल ते गरिबांनी खावे आणि गरिबांनी खाऊन उरेल ते रानातल्या जनावरांनी खावे, असे तेथे सांगितले आहे.

येथे थोडे थांबून विचार करू या. देवाने जमिनीच्या वाटेकऱ्यांमध्ये रानातल्या प्राण्यांनाही धरले आहे. म्हणजे पाखरांसाठी काही राखून ठेवणे हे दान नव्हे, तो त्यांचा वाटा आहे. अनुवाद पुस्तकात (२२:६-७) तर वाटेत पाखराचे घरटे सापडले, तर पिलांबरोबर आईला धरू नये, असा बारीकसा नियमही आहे. पुढच्या पिढीचे बी राखावे, हा त्यामागचा विचार आहे.

प्रभू येशूने आपल्या शिकवणीत रानातील फुलांचा आणि आकाशातील पाखरांचा दाखला दिला (मत्तय ६:२६-३०). ती फुले कोणी लावलेली नव्हती, ती आपोआप उगवलेली होती. चिमण्यांच्या बाबतीत तर दोन शुभवर्तमाने ताडून पाहण्यासारखी आहेत. मत्तय (१०:२९) सांगतो, की एका नाण्याला दोन चिमण्या मिळत. लूक (१२:६) सांगतो, की दोन नाण्यांना पाच मिळत. म्हणजे पाचवी चिमणी फुकट! बाजारात जिची काहीच किंमत नाही अशा त्या पाचव्या चिमणीलाही देव विसरत नाही, असे प्रभू म्हणतो.

संत फ्रान्सिस यांची बाग

असिसीचे संत फ्रान्सिस यांचे १२२६ साली निधन झाले. त्यांचे पहिले चरित्रकार चेलानोचे थॉमस यांनी एक आठवण नोंदवली आहे. मठातील माळ्याला संतांनी सांगून ठेवले होते, की बागेच्या कडेची जमीन खणू नकोस. तेथे गवत आणि रानफुले आपल्या ऋतूत उगवू देत. सरपणासाठी झाड तोडणाऱ्या बंधूंना त्यांची सूचना होती, की झाड बुंध्यापासून तोडू नका, त्याला पुन्हा फुटवा येईल असे ठेवा. कडक थंडीत मधमाश्या मरू नयेत म्हणून ते त्यांच्यासाठी मध ठेवायला लावत.

लक्षात घ्या, हा मठ श्रीमंतांचा नव्हता. त्या बागेतील भाजीपाल्यावर बंधूंचे जेवण चाले. तरीही तिचा एक भाग संतांनी राखून ठेवला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात (परिच्छेद १२) याच बागेची आठवण करून दिली. त्याच परिपत्रकात (परिच्छेद ३४) त्यांनी आणखी एक इशारा दिला आहे. शेतीतील विषारी औषधांमुळे जी पाखरे व किडे नाहीसे होतात, ते शेतीच्याच उपयोगाचे असतात आणि मग त्यांची उणीव भरून काढण्यासाठी माणसाला आणखी नवे उपाय शोधावे लागतात.

आपल्या जिल्ह्याचा विचार

आपला बुलडाणा जिल्हा वन्यजीवांच्या बाबतीत गरीब नाही. बुलडाणा आणि खामगावच्या मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर तालुक्यात अंबाबरवा आहे. लोणार सरोवराला २०२० साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. २०१९ साली गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघाला आणि तेलंगणा व मराठवाड्याच्या काही भागांतून १३०० किलोमीटरहून अधिक चालत डिसेंबरमध्ये ज्ञानगंगेत पोहोचला. ही बातमी तेव्हा देशभर गाजली. नाले, धुरे आणि शेते यांच्या आधारानेच तो एवढा प्रवास करू शकला.

वाघाला शेकडो किलोमीटर चालता येते. लहान जीवांना ते शक्य नसते. एखादी लहान रानमाशी आपल्या बिळापासून काही शे मीटरच्या आतच फुले शोधते. तेवढ्या अंतरात फूल नसेल, तर ती माशी तेथे जगू शकत नाही. म्हणून अभयारण्य कितीही चांगले असले, तरी आपल्या गल्लीतील रानमाशी, फुलपाखरू आणि चिमणी यांचे जगणे आपल्या अंगणावरच अवलंबून असते.

यात आपलेही हित आहे. सांदवाडीतील कोहळे, दोडके, कारले यांच्या वेलांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. एका फुलाचे पराग दुसऱ्यावर किड्यांनी नेल्याशिवाय फळ धरत नाही. वेल भरभरून फुलतो आणि फुले गळून पडतात, तेव्हा आपण बियाण्याला दोष देतो. प्रत्यक्षात पुष्कळदा माश्या कमी झालेल्या असतात. कांद्याचे बी तयार करणाऱ्या शेतकऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. गोंड्यांवर माश्या फिरल्या नाहीत तर बी भरत नाही.

फवारणीबद्दल वेगळे सांगायला नको. २०१७ साली आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. जे औषध माणसाला मारते ते माशीला सोडत नाही. शेतातील फवारणी एका दिवसात थांबवणे कोणाला शक्य होणार नाही. पण घराच्या कुंपणाच्या आत, जेथे आपली मुले खेळतात, तेथे ती नक्कीच थांबवता येईल.

आपल्यापैकी अनेकांच्या पिकाचे रोही आणि रानडुकरांनी नुकसान केले आहे. त्यांना 'रानातल्या जीवांचा वाटा' हे शब्द सहज पचणार नाहीत, आणि त्यांची तक्रार खोटी नाही. अशा नुकसानीची भरपाई वन विभागाकडे मागणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे व तो त्याने बजावावा. येथे आपण बोलत आहोत ते घराजवळच्या लहान जीवांबद्दल. ते पीक खाऊन जात नाहीत, उलट पिकाला मदत करतात.

प्रत्यक्ष काय करावे?

१) जागा ठरवा. चार बाय सहा फुटांची जागाही पुरते. शक्यतो कुंपणालगतची आणि घराच्या दारापासून दूर असलेली जागा घ्यावी. तिच्याभोवती दगडांची एक ओळ लावावी. म्हणजे ती जागा दुर्लक्षित नसून मुद्दाम राखलेली आहे, हे घरच्यांना व शेजाऱ्यांना कळते.

२) जे आपोआप उगवते ते ओळखा. पावसाळ्यात तेथे तरोटा, एकदांडी, आघाडा, गवत असे बरेच काही उगवेल. तरोट्याच्या कोवळ्या पानांची आपण भाजी करतो. त्याच पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. एकदांडीच्या फुलावर दिवसभर माश्या असतात. मात्र गाजरगवत दिसले की फुलावर येण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटावे. हे गवत बाहेरच्या देशातून आलेले आहे, त्याने त्वचेचे व दम्याचे विकार होतात आणि ते इतर कशालाच वाढू देत नाही. घाणेरी आणि वेडी बाभूळ यांनाही तेथे जागा देऊ नये. कोपरा मोकळा सोडायचा म्हणजे वाटेल ते माजू द्यायचे, असा अर्थ नाही.

३) फुलपाखरांना नुसती फुले पुरत नाहीत. त्यांच्या अळ्यांना खाण्यासाठी ठरावीक झाडाचीच पाने लागतात. लिंबू आणि कढीपत्ता यांवर दोन-तीन जातींची मोठी फुलपाखरे अंडी घालतात. त्यांची लहान अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. ती काही पाने खाईल, पण झाड मरत नाही. साधारण महिनाभरात तिचे फुलपाखरू होते. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, हेही लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढते. रुईवर बिबळ्या कडवा हे फुलपाखरू वाढते. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ नये, एवढी काळजी मुलांच्या बाबतीत घ्यावी.

ठाण्याजवळ घोडबंदर रस्त्यालगत राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या वडिलोपार्जित जमिनीवर अशीच अळ्यांच्या खाद्याची आणि मधाची झाडे लावली. फुलपाखरे त्यांनी बाहेरून आणली नाहीत. झाडे वाढली तशी ती आपोआप आली. आज ओवळेकर वाडी पाहण्यासाठी लोक दूरदूरहून येतात.

४) साधी फुले लावा. एकेरी पाकळ्यांची जास्वंद, तुळस, झेंडू, तीळ, अंबाडी. दुहेरी पाकळ्यांची संकरित फुले दिसायला छान असतात, पण त्यांत पराग व मध फार कमी मिळतो. तुळशीच्या एका तरी रोपाच्या मंजिऱ्या खुडू नयेत. त्यांवर किती प्रकारच्या माश्या येतात हे मुलांना मोजायला सांगावे.

५) माश्यांना घर द्या. मधाचे पोळे करणाऱ्या माश्या थोड्याच. बहुतेक जातींच्या रानमाश्या एकेकट्या राहतात आणि उघड्या मातीत किंवा पोकळ काडीत अंडी घालतात. म्हणून उन्हात येणारी हातभर जागा उघड्या मातीची ठेवावी. वीतभर लांबीचे बांबूचे तुकडे, एका बाजूने पेर असलेले, जुडी बांधून आडवे टांगावेत. कोपऱ्यात पऱ्हाट्यांची छोटी मोळी ठेवली तरी चालते.

६) पालापाचोळा जाळू नका. कडुनिंबाची पाने झडली की आपण ती गोळा करून पेटवतो. त्याऐवजी त्या कोपऱ्यात ढीग करावा. त्यात गांडुळे, किडे होतात, ते टिपायला सातभाई आणि साळुंक्या येतात, आणि पावसाळ्याच्या शेवटी झाडांना खतही मिळते.

७) पाणी ठेवा. उन्हाळ्यात घाटाखाली पारा ४० अंशांच्या पुष्कळ वर जातो आणि घाटावरही नाले आटतात. मातीचे पसरट भांडे सावलीत ठेवावे. पाणी दोन इंचांपेक्षा खोल नसावे आणि मध्ये एक दगड ठेवावा, म्हणजे माश्या व लहान पाखरे बुडत नाहीत. दिवसाला लिटरभर पाणी पुरते. टंचाईच्या दिवसांतही तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना घालून तेवढे चांगले पाणी वाचवता येते.

८) चिमणीला जागा द्या. चिमणी भिंतीच्या व कौलांच्या फटीत राहते, सिमेंटच्या घरात तिला फट मिळत नाही. लाकडी खोके किंवा जाड पुठ्ठ्याचा डबा घ्यावा, त्याला सव्वा इंचाचे भोक पाडावे आणि दुपारचे ऊन लागणार नाही अशा भिंतीवर आठ-दहा फूट उंच, मांजर पोहोचणार नाही असा टांगावा. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या प्रयत्नांतून २०१० सालापासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशभरातील पक्ष्यांच्या अहवालानुसार चिमणी देशातून नाहीशी होत नसून तिची घट मुख्यतः मोठ्या शहरांत झाली आहे. म्हणजे आपल्या गावात वेळ गेलेली नाही. फक्त एक लक्षात ठेवावे. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना ती अळ्या व किडे भरवते. नुसते खोके टांगले आणि अंगणात किडाच उरू दिला नाही, तर पिले जगत नाहीत. म्हणून खोके आणि राखलेला कोपरा हे दोन्ही हवेत.

काही शंका

'साप येतील ना?' साप येतात ते उंदरांच्या मागे. उघडे धान्य, उष्टे-खरकटे आणि दाराजवळचा विटा-लाकडांचा ढीग यांमुळे उंदीर वाढतात. म्हणून राखलेला कोपरा दारापासून दूर ठेवावा, घराभोवतीची दोन-तीन फूट जागा मोकळी ठेवावी, रात्री बाहेर पडताना विजेरी घ्यावी. धामणीसारखे बिनविषारी साप तर उंदीर खाऊन आपल्याला मदतच करतात. साप घरात शिरला, तर मारू नये, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या विषारी सापांपैकी कोणाचा दंश झाला किंवा साप ओळखता आला नाही, तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता १०८ ला फोन करून ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठावे.

'डासांचे काय?' डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि त्याला अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर लागतो. भांड्यातील पाणी रोज बदलले आणि आठवड्यातून एकदा भांडे घासून कोरडे केले, तर डास होत नाहीत. खरा धोका छतावरचे टायर, फुटके डबे आणि कूलरमधील पाण्याचा असतो.

'आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो, अंगणच नाही.' खिडकीत दोन कुंड्या ठेवा, एकीत कढीपत्ता, दुसरीत तुळस. शेजारी पाण्याचे भांडे. विधवेच्या दोन दमड्यांची किंमत प्रभूने कशी केली, हे आपल्याला ठाऊक आहेच.

'खारपाण पट्ट्यात झाडे जगत नाहीत.' बागेतील नाजूक झाडे जगत नाहीत हे खरे. पण कडुनिंब, बोर, बाभूळ, रुई ही तेथील मातीला सरावलेली झाडे आहेत आणि पाखरांना तीच हवी असतात.

आपल्या दफनभूमीविषयी

घरात जे करायचे ते चर्चच्या जागेतही करता येईल. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनापूर्वी आपण दफनभूमीतील सर्व गवत कापतो, काही वेळा तणनाशकही मारतो. आपल्या प्रियजनांच्या कबरी आणि वाटा स्वच्छ असाव्यात, यात दुमत नाही. पण कुंपणालगतची चार-पाच फुटांची पट्टी न कापता ठेवली तर? पावसाळ्यातील रानफुलांचे बी तेथे गळेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवेल. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तर पुष्कळ पीक देतो (योहान १२:२४), ही आपली आशा त्या जागी वेगळे शब्द न वापरता दिसेल. कुंपणाच्या कोपऱ्यात एखादे उंबराचे झाड लावले, तर त्याच्या फळांवर बुलबुल, कोकिळा आणि आपला राज्यपक्षी हरियालही येऊ शकेल. धर्मग्राम समितीने या सूचनेचा विचार करावा.

चिंतनासाठी प्रश्न

१) माझ्या अंगणात लहानपणी येणारे कोणते पाखरू किंवा फुलपाखरू आज येत नाही? त्याला काय हवे होते?

२) निर्गम २३:१०-११ वाचा. माझ्या मालकीच्या कोणत्या गोष्टीत मी दुसऱ्याचा वाटा धरतो?

३) 'स्वच्छ' म्हणजे काय? जेथे काहीच जगत नाही ती जागा स्वच्छ म्हणावी का?

या आठवड्याचा संकल्प

येत्या रविवारपर्यंत प्रत्येक कुटुंबाने जागा पाहून ठेवावी आणि दगडांची ओळ लावावी. मुलांनी एका वहीत तारीख घालून लिहावे, की त्या कोपऱ्यात कोण कोण आले. वर्षभराने, ४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिस यांच्या सणाच्या दिवशी, या वह्या चर्चमध्ये आणाव्यात. कोणाच्या वहीत पाच नावे असतील, कोणाच्या पन्नास. दोन्हींचे स्वागत आहे.

प्रार्थना

हे परमेश्वरा, तू आम्हांला ही भूमी राखायला दिलीस. तिच्यातला तुझ्या लहान जीवांचा वाटा आम्ही नकळत घेतला असेल, तर तो परत देण्याचे मन आम्हांला दे. आमच्या अंगणात येणारे पाखरू उपाशी व तहानलेले जाऊ नये. आमच्या मुलांना तुझी निर्मिती पाहण्याची दृष्टी दे. आमच्या शेतकरी बांधवांना विषापासून आणि नापिकीपासून सांभाळ. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे. आमेन.